नवाचा पाढा

हळदीच्या पानांची वाफ नाकात गेली की लग्नानंतरची पहिली गणेशचतुर्थी आठवते. मोदक वाफवायला मी एकटीच होते, दर घाण्याला मोजून नऊ. जाऊबाई ओरडल्या, "मघाशी एकशे नऊ होते, आता एकशे आठच! नैवेद्याआधी कुणी खाल्लान गो?" सगळे माझ्याकडेच बघायला लागले. मी म्हटलं, "घाणे नऊनऊचे. नवाच्या पाढ्यातल्या कुठल्याही आकड्याचे अंक मिळवत गेलं की नऊच येतात. एकशे नवाचे दहा होतात." सासूबाईंनी बोटांवर एक नि आठ मिळवले नि जाऊबाईंना म्हणाल्या, "एक मोदक दोनदा मोजलास गो!" माझा जीव भांड्यात पडला. आता मोदक सून वाफवते. पहिल्याच घाण्याला मी हळूच सांगते, "नऊच ठेव हं."