शमूच्या दारातला तारा

आमची पोस्ट काश्मीरमध्ये बर्फाच्या एका उतारावर होती. मी तेव्हा नाईक होतो. नाईक शमुवेल वायदंडे आमचा सिग्नलवाला. मी मेढ्याचा, तो आष्ट्याजवळच्या एका खेड्यातला. बोली एक, म्हणून आमचं लवकर जमलं. त्याला सगळे शमूच म्हणत.

पलटणीत सण कुणाचाही असो, तो सगळ्यांचा. गणपतीची आरती शमू खड्या आवाजात म्हणायचा आणि नाताळ आला की आम्ही त्याच्या हाताखाली राबायचो. त्या वर्षी त्यानं रेशनच्या खोक्याच्या पट्ट्या तासून पाच टोकांचा तारा बांधला, त्यावर पॅराशूटचं कापड ताणलं. केकसाठी लंगरमधून, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातून, मैदा, तूप, दूध पावडर आणि बेदाणे मिळाले. ओव्हन कुठला असणार? बंकरला रचलेल्या गोणीतली वाळू पत्र्याच्या डब्यात तापवायची, तीत भांडं बसवायचं आणि झाकणावर निखारे ठेवायचे. ही त्याच्या आईची रीत. घरी वारणेची वाळू, इथं सरकारी, एवढाच फरक.

नाताळच्या आदल्या दिवशी केक वाळूत बसवला आणि टेलिफोनची लाइन तुटली. पोस्ट कमांडरनं शमूला आणि आणखी एका जवानाला पाठवलं. निघताना शमू मला म्हणाला, "निखाऱ्याकडं बघ रं. करपला तर आईला नाव सांगीन तुजं."

काही वेळानं वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला. सेटवर आमची पोस्ट अल्फा आणि तो डेल्टा.

"अल्फा, लाइन जोडली. परत निघालो. केक फुगला का? ओव्हर."

"फुगलाय. लवकर ये. ओव्हर."

मग वरच्या उतारावरचा बर्फ सुटला. आवाज आम्हाला आत ऐकू आला.

"डेल्टा, डेल्टा, रिपोर्ट. ओव्हर." मी बोलत राहिलो. सेटवर नुसती खरखर होती.

दुसरा जवान कडेला फेकला गेला, म्हणून वाचला. शमू अंधार पडता पडता सापडला, पण तो गेला होता. शोधताना आम्ही तोच केक बर्फात उभ्यानं खाल्ला. रडू येत होतं आणि भूकही लागली होती.

पुढे मी सुभेदार होऊन घरी आलो. दर वर्षी त्या दिवशी मी त्याच्या घरी जातो. गावातली मंडळीही येतात. दारात मांडव, लाऊडस्पीकर, हार, भाषणं. बाकी वर्षभर त्या घराकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि दारात नाताळचा तारा दिसला की म्हणायचे, आज शहिदाचा दिवस, तारा उतरवा. शमूची आई, रूथमावशी, मुकाट्यानं उतरवायची. मग केकही व्हायचा नाही. माझं डोकं तापायचं, पण मी पडलो पाहुणा.

गेल्या डिसेंबरात शमूच्या धाकट्या बहिणीचा, एस्तेरचा फोन आला. "दत्तूदादा, औंदा तारा उतरवायचा न्हाई. तुमी आदुगर या."

मी आधीच जाऊन पोचलो. मी कामट्या तासल्या, तिनं पतंगाचा कागद चिकटवला. मावशी वाळू चाळत होती. चाळता चाळता तिनं दर वर्षीचा प्रश्न विचारला, "त्याचा केक कसा झाल्ता रं?"

"लय चांगला, मावशी."

त्या दिवशी सकाळी मंडळी आली. त्यांच्या पुढाऱ्यानं ताऱ्याकडे पाहिलं आणि मलाच झापलं. "आवं सुभेदार, तुमी फौजेतलं. दुखवट्याच्या दिवशी असलं शोभतं व्हय?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी उंबऱ्यात आली. हात मैद्यानं भरलेले.

"माजा शमू दुखवटा करत न्हवता. तारा बांधून, केक चढवून गेलाय त्यो. तारा ऱ्हाईल."

"मग कार्यक्रम चौकात घेतो," पुढारी म्हणाला. भिंतीवरचा शमूचा मोठा फोटो मंडळींनीच दिलेला होता, तो त्यांनी काढून नेला. लाऊडस्पीकरही गेला. केकचा वास घरभर सुटला होता, पण एकही माणूस मागे थांबला नाही. थोड्या वेळानं चौकातून 'अमर रहे' ऐकू यायला लागलं. मला त्या घोषणेची इतकी चीड कधी आली नव्हती.

एस्तेर रडायला लागली. मावशीनं रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"नेऊंदे. त्या फोटूत त्यो हसतच न्हवता."

मग तिनं केक कापला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"त्याच्यावानी झालाय का रं?"

"तसाच झालाय, मावशी."

नाईक शमुवेल वायदंडे, सिग्नलवाला. लाइन जोडून गेला.