गोधडीतला घाम

ऐन मे महिन्यात पत्र्याखाली गोधडी पांघरून बसणारी बाई जिंतुरात एकच होती. माझी मावशी. शाळा सोडून आलेल्या मला तिनंच ठेवून घेतलं होतं. तिचे गुडघे धरले होते आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. घाम गळेल तशी चरबी वितळते, हे तिनं स्वतःच ठरवलं. पाणी दिलं तर म्हणायची, "ठिव तिकडं. तूप कढवताना कुणी पाणी घालतं का?"

मी पोती उचलायचो ती धान्याची आडत घराला लागूनच. संध्याकाळी मावशी येऊन पोत्यांच्या काट्यावर उभी राहायची. एकदा आकडा उतरलेला बघून इतकी खूश झाली की माठातलं तांब्याभर पाणी गटागटा प्याली, वर आणखी एक तांब्या, आणि पुन्हा काट्यावर चढली. आकडा परत आधी होता तिथं.

"मावशी, चरबी तांब्यात होती व्हय?" हमाल म्हणाले.

तीही हसली, पण घरी जाताना भिंत धरून गेली. ही आता खाट धरते की काय, असं मला झालं.

त्यातच माझं बंगळूरच्या बेकरीतलं काम ठरलं. दिवाळीनंतर निघायचं होतं. मावशी म्हणाली, "तुला गाडीत बसवायला मी स्टँडपर्यंत पायी येणार." तिला तर गल्लीचं टोकही गाठवत नव्हतं.

गोधडी घडी होऊन वर गेली. मावशी शेजारच्या शेळ्यांमागं रोज थोडं थोडं चालू लागली. "शेळी थांबली की मी थांबते. तिला घाई न्हाई, मला बी न्हाई." ताटातली अर्धी भाकरही शेळीलाच जायची. आकडा सावकाश हलला. भिंत मात्र आधी सुटली.

निघायच्या दिवशी ती स्टँडवर आली, पायी. चेहऱ्यावरून घाम निथळत होता. मी रुमाल पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली. "ह्यो बसून आणलेला न्हाई."

गाडी हलली तेव्हा ती कशालाही न धरता उभी होती.

इथं भट्टीपुढं मी दिवसभर भिजतो, तरी पोट पुढं आलंय. तिच्या काळजीनं फोन लावतो, तर उलट तीच चौकशी करते. बाकीच्या पोरांना घरून विचारतात, जेवलास का. ती विचारते, "आज पायी फिरलास का?"

"दिवसभर घाम गळायलाय, मावशी."

"घाम मी बी गाळला होता," ती म्हणते. "चप्पल घाल."