राणीची पिल्लं आणि माझा आर्जव

राणीकडे बघून कुणालाही तिचा हेवा वाटायचं कारण नाही. काळीसावळी, काटक, आवाज गल्लीभर ऐकू येणारा. माहेर कवठे महांकाळच्या बाजूचं, कोरडवाहू रान, त्यामुळे लहानपण शेळ्या-कोंबड्यांमागे गेलं. सासर कडेगावचं. नवरा उदयसिंह फौजेत, दूर कुठेतरी सीमेवर. सांगलीच्या कडेला, आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती राहायला आली, तेव्हा एका हातात कोंबड्यांची डालगी आणि कडेवर दीड वर्षाची शिवांजली होती.

अंडी उबवायची पेटी नंतर आली. उदयसिंहाने सुट्टीत मोबाइलवर बघून केली होती ती. थर्माकोलचा मोठा डबा, आत पिवळा बल्ब, पाण्याची वाटी, बाजूला काचेची चौकट. लाईट गेली तर गरम पाण्याचं भांडं सरकवायला तळाशी पत्र्याचा कप्पा.

"कोंबडी खुडूक बसायची वाट बघत बसलं तर वरीस जातंय वैनी," राणी मला म्हणाली. "ह्या पेटीला रुसवा न्हाई, फुगवा न्हाई. नवऱ्यापरीस बरी."

मला हसू आलं. तेवढंच. पुढे त्या पेटीने माझा मुलगा नेला.

आम्ही जैन. आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यामुळे चौथीतला माझा आर्जव शाळेतून आल्यावर राणीकडे अंडी फिरवायला जातो हे कळलं, तेव्हा मी त्याला थेट बंदी घातली. सासूबाईंनी, चंदनबालाबाईंनी, ती मोडली.

"खायला जातोय का तो? जीव जगवायलाच जातोय ना? जाऊ दे. आल्यावर अंघोळ करून स्वयंपाकघरात येऊ दे म्हणजे झालं."

धर्मच त्याच्या बाजूने गेल्यावर मी काय बोलणार?

राणी अंड्यांवर एका बाजूला कोळशाने फुली मारायची. फुली वर, फुली खाली, हे काम आर्जवचं. माझ्या घरात त्याला "शाळेत काय झालं?" विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही." डबा का उरला? "असाच." पोट दुखतंय का? "नाही." आणि भिंतीपलीकडे तोच मुलगा धबधब्यासारखा बोलायचा. मी चटणी वाटता वाटता मिक्सर बंद करून ऐकत उभी राहायचे. शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज. मधूनच राणीचं "आसं व्हय रं?" आणि दोघांचं हसणं.

एकदा दारात राणीनेच विचारलं, "वैनी, त्या पोरांनी आर्जवबाळाच्या चपला पुन्हा लपवल्या म्हणं. तुमाला म्हाईत आसंलच."

"हो तर," मी म्हणाले. मला काहीही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मला ती डोळ्यांसमोर नको झाली. तिच्या कडेवर स्वतःचं लेकरू आहे, मग माझं कशाला हवं? तिने कुठेतरी चुकावं, त्याला अंड्याची पोळी खायला घालावी, काहीतरी करावं, म्हणजे मला भांडता येईल, अशी मी वाट बघायचे. ती चुकायची नाही. उलट, आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ऊन भिंतीवरून सरकलं की ती स्वतःच त्याला घरी पिटाळायची.

पण माझ्याकडे एक हत्यार होतं. पहिल्या खेपेची पिल्लं आता मोठी झाली होती. त्यातला तांबडा कोंबडा आर्जवच्या बगलेतून खाली उतरत नसे. आखाड तोंडावर आला होता, आणि आखाडात कोंबड्यांचं काय होतं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला तेवढं कळलं की तो आपोआप माझ्याकडे परत येईल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या खेपेच्या अंड्यांना चोच पडली, म्हणजे आतून पहिला तडा गेला, त्या संध्याकाळी लाईट गेली. मी जेवायला हाक मारली, तो आला नाही. पुन्हा मारली. शेवटी राणीच्या दारात गेले. तिने पेटीवर वाकळ गुंडाळली होती, आणि आर्जव काचेला नाक लावून बसला होता.

"झाकान उघडू नगंस हां," ती त्याला सांगत होती. "आतली वल गेली की पिल्लू टरफलातच आवळतंय." मग मला बघून, "आर्जवबाळ, दिवस बुडायला आलाय. पिल्लू काय एस्टीनं जात न्हाई कुठं. जा, जेवून ये."

माझ्या हाकांनी न हललेला मुलगा तिच्या एका वाक्यावर उठला.

अंघोळ करून तो घाईघाईने भाकरी मोडायला लागला, तेव्हा मला राहवलं नाही. "आखाडात त्या तांबड्याचं काय होणार आहे, माहितेय का तुला?"

"हो. शिवांजलीचा आकाराममामा येऊन कापायला नेणार," घास न थांबवता तो म्हणाला. "काकूनं पेटी लावली त्याच दिवशी सांगितलं. पटत नसेल तर येऊ नकोस म्हणाली."

"आणि तरी तू जातोस? वाईट नाही वाटत?"

"वाटतं. काकूलापण वाटतं. मामा येतो त्या दिवशी ती खुराड्याकडं फिरकत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तो पाणी प्यायला. "तू घाबरतेस गं. तुला काही सांगितलं की मग तुलाच समजवत बसावं लागतं."

रागाने नाही, साधंच सांगितलं त्याने. हात धुतले आणि पळाला.

मी त्याच्या मागे गेले. बोलवलं नव्हतं कुणी. राणीने पोत्यावर सरकून जागा दिली, वाकळीचा कोपरा उचलला. मोबाइलच्या उजेडात एक अंडं हलत होतं. माझ्या तोंडात कितीतरी प्रश्न आले. ते मरणार नाही ना? इतका वेळ का लागतोय? उद्याचा गृहपाठ झाला का? एकही विचारला नाही.

"पानी निवलं असंल," म्हणत राणी तळाचं भांडं घेऊन चुलीकडे गेली. शिवांजली तिचा पदर धरून मागे.

आर्जवने मान वळवून बघितलं. शेजारी मीच होते. मग तो हळूच सांगायला लागला. "ते बघ, चोचीवर छोटा दात असतो त्याला. त्यानं गोल कापत येतं. मधे दमतं, झोपतं. आपण मदत करायची नाही. कितीही वाटलं तरी."

"बरं," मी म्हणाले.

तो बोलतच राहिला. आत चुलीवर राणीचं पाणी तापत होतं, आणि ते लवकर तापू नये असं मला वाटत होतं.