उसवलेली लोकर

लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलंय आणि मी तिच्या पायाशी बसून बाळाची कानटोपी विणतोय. साधेच सुलट-उलट टाके, पण एखादा सैल दिसला की मी सगळं उसवतो. उसवलेली लोकर पुन्हा सरळ होत नाही. मोडलेल्या टाक्यांची वळणं तिच्यात तशीच राहतात.

"बाबा, पुन्हा?" लेक म्हणाली. "बाळ काय टाके तपासणार आहे?"

मला हसू आलं नाही. चुका शोधत राहण्याची ही माझी आयुष्यभराची सवय. लोक तिला नीटनेटकेपणा म्हणतात, पण ती भीती आहे हे मला ठाऊक आहे. टोपी पुरी झाली आणि ती घालायला कुणी आलंच नाही तर, या विचाराने माझी बोटं थांबतात.

बायकोने ती विस्कटलेली, मऊ पडलेली लोकर हातात घेतली. "अहो, तान्ह्या बाळाला आधी जुनंच घालतात. ही आता पुरेशी जुनी झालीय. विणा."

मी सुया उचलल्या. दुसऱ्याच ओळीत एक टाका सैल पडला. बोटं तिथंच घुटमळली. लेक बघत होती. मी पुढचा टाका घातला.