क्वाय-लानकाकूंची कागदी मॅडम

हाँगकाँगचे गोरे पुढच्या उन्हाळ्यात गाशा गुंडाळणार होते. अफूच्या पेट्या घेऊन आलेली ही मंडळी दीडशे वर्षांनी एकदाची निघाली, म्हणून कोणी खूश होतं, कोणी धास्तावलेलं. क्वाय-लानकाकूंना मात्र त्यातली एक गोरी ठेवून घ्यायची होती, आणि तीही स्वतः मेल्यानंतर.

काकू शहात्तरच्या. तरुणपणी देवापुढे केस विंचरून, वेणी घालून, लग्न न करण्याची शपथ घेतलेली. नवऱ्याची धुणी फुकट धुण्यापेक्षा परक्याची पगारावर धुवीन, असा त्यांचा खाक्या. धुतलीही तशीच, डोंगरावरच्या हॉलस्टेड साहेबांच्या बंगल्यात, एकतीस वर्षं. पण मूलबाळ नाही, म्हणजे मागून कागदी वस्तू जाळून मेलेल्याच्या वापरासाठी वर पोचवणारं कोणी नाही. तेव्हा आपली सोय आपणच करावी म्हणून त्या मोकच्या दुकानात आल्या. बांबूच्या कामट्या आणि कागद यांतून मोक मेलेल्यांसाठी घरं, मोटारी, नोकरचाकर बनवायचा.

"मोलकरीण तयारच आहे, काकू. ही बघा, दोन वेण्यांची."

"ही नको. मला गोरी मॅडम कर. झगा, मोत्यांची माळ, आणि हातात चहाचा ट्रे."

मोकच्या हातातली खळ सांडली. "अहो, आपल्या यमाच्या दरबारात गोऱ्यांना कोण घेणार?"

"इथं तरी कोणी बोलावलं होतं? घुसलेच ना मेले!"

आठ दिवसांनी मॅडम तयार झाली. काकूंनी तिला चहूबाजूंनी निरखलं.

"नाक वाढव. आमच्या मॅडमचं नाक आधी खोलीत यायचं, मागून मॅडम. आणि तिला बजावून ठेव, माझ्या चहात दूध घालायचं नाही."

"नाक वाढवतो. पण छातीवर चिठ्ठी लावायचीय, नाव सांगा. जाळताना भटजी तीनदा नावानं हाक मारतात. बिननावाची असली की वाटेतलंच एखादं भटकं भूत तिला ओढून नेतं."

एकतीस वर्षं काकूंनी त्या बाईचे परकर इस्त्री केले, तिचे ताप काढले, पण तिचं नाव? मॅडम म्हणजे मॅडम! आता मरणानंतरचा चहाही आपल्यालाच करावा लागणार, या विचारानं त्यांना रडू फुटायचंच बाकी राहिलं. मग आठवलं. विलायतेहून मॅडम दर नाताळाला कार्ड पाठवायची. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं दुकानात आणून ओतली. मोकला थोडं इंग्रजी वाचता यायचं.

"सही आहे मिस्टर आणि मिसेस हॉलस्टेड. ही तर नवऱ्याची पाटी झाली. हिचं स्वतःचं नाव एकाही कार्डावर नाही." त्यानं कार्ड उलटसुलट केलं. "आणि वर 'प्रिय आ फुन' लिहिलंय. ही आ फुन कोण?"

"मीच."

"तुम्ही तर क्वाय-लान!"

"आ फुन त्यांची पहिली मोलकरीण. ती गेली, दुसरी आली, तीही आ फुन. मी तिसरी. मी पहिल्या दिवशी तीनदा नाव सांगितलं. मॅडम गोड हसली नि म्हणाली, ठीक आहे, आ फुन." काकूंचा आवाज चढला. "राग यायचा रे मला! आईनं ठेवलेलं नाव होतं माझं!"

काकूंनी डोळे पुसले, मॅडमचा कागदी झगा सारखा केला आणि चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली.

"लिही, आ फुन."

मोक खो खो हसत सुटला, मग काकूंचं तोंड पाहून थांबला. "पण ती ओ देईल का, काकू?"

"पहिला महिनाभर नाही द्यायची," काकू म्हणाल्या. "मीही दिली नव्हती."