माळेतली मोकळी जागा

माझे आबा लढाईवरून जिवंत आले, पण बोलणं तिकडंच ठेवून आले.

आज आबांचा स्मृतिदिन. वडील माझे. नात म्हणाली, आजी, फोटो टाक आणि दोन ओळी लिही. दोन ओळीत माझं कधी भागलंय का!

मेढ्याच्या वर डोंगरात आमचं घर. आबा पलटणीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. परत आले तेव्हा मी एवढीशी. मला वाटायचं, कोण हा माणूस? खांबाला टेकून नुसता बसतो, आणि भांडं पडलं की भिंतीला चिकटतो.

खिशात एक माळ असायची त्यांच्या. काळ्या लाकडाचे मणी, टोकाला क्रूस.

दिवेलागणीला डोंगरावरून धुकं उतरायचं. अंगणातली तुळस दिसेनाशी व्हायची, आबाही अर्धे धुक्यातच. अंगठा तेवढा हलायचा. एकेक मणी. ओठ हलायचे, आवाज नाही.

मला ते स्वप्नासारखं वाटायचं. अजून वाटतं.

आजीला मात्र टेन्शन. (आजी म्हणजे आबांची आई. मी पण आता आजी, पण खरी आजी ती.)

तिनं एकदा गुपचूप माळ मोजली. एकशे आठ भरेनात. दहा मणी झाले की मोकळी दोरी, मग एकटाच मणी, परत मोकळी दोरी.

"गळाल्यात गं मणी! तुटकी माळ हाय पोराची. म्हणून जप पोचंना देवाला, आन् ह्याला बोलणं येईना."

एक दिवस आबा माळ घरी विसरून रानात गेले. आजीनं काय करावं? स्वतःच्या गळ्यातली तुळशीची माळ तोडली. लग्नापासून कधी उतरवली नव्हती हो! आबांची माळ उसवली आणि नव्या दोऱ्यात सगळी ओवली, मोकळ्या जागी तुळशीचे मणी घालून. दोरा मी धरला होता.

आबा आले. माळ घेतली. अंगठा अडला.

मग त्यांनी आजीच्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं.

मी चुलीमागं लपले. म्हटलं, आता काही खरं नाही.

आबा हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता रडायला लागले.

"आई, मणी गळालं न्हवतं गं. ती थांबायची जागा हाय."

"थांबून काय करायचं?"

मग आबा बोलले. इतकं बोलले की तव्यावर भाकरी करपली.

तिकडं तोफा चालू असताना एका म्हातारीनं त्यांना तळघरात घेतलं. मक्याचा घाटा खायला दिला. आपल्यासारखाच, फक्त मिरची नाही. तिचं पोरगं पण लढाईत, पत्ता नाही. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "मामा."

"बाईमाणूस आन् मामा?" आजी म्हणाली. "कसला मुलूख म्हणायचा!"

"आईला म्हणत्यात गं तिकडं."

वर धडाधड, खाली म्हातारीचा अंगठा चालू. "आवे मारिया, आवे मारिया." निघताना तिनं माळ आबांच्या मुठीत कोंबली.

अर्थ पुढं पलटणीतल्या गोव्याच्या गड्यानं सांगितला. आवे म्हणजे नमस्कार, मारिया म्हणजे येशूची आई. मोकळ्या जागी थांबायचं, तिच्या लेकराचं एकेक आठवायचं, मग दहा वेळा तिला नमस्कार. बाळ झालं. हरवलं. सापडलं. त्याला मारलं. ते परत उठलं.

आजीनं करपलेली भाकरी तव्यावरनं काढली. मग म्हणाली,

"तू गेल्यापास्नं मी दुसरं काय करत हुते रं? थांबलेच हुते की."

आबांनी तुळशीचे मणी काढू दिले नाहीत. "थांबायच्या जागी आई बसलीया. बसू दे."

गावात कोण तरी म्हणालं, हा बाटला की काय. आजी दारातनंच, "आईला नमस्कार केल्यानं कोण बाटतंय व्हय? तू पण कर की तुझ्या आईला एकदा!"

मी आबांना विचारायची, "आज काय मागितलं?"

आधी म्हणायचे, "झोप."

पुढं कितीतरी दिवस, "म्हातारीचं पोरगं घरी येऊ दे."

मी मोठी झाल्यावर एकदा म्हणाले, "माझ्या गोळीनं गेली ती पोरं... त्यांच्या आयांना झोप लागू दे."

त्यानंतर हळूहळू घर बदललं. आत भांडं पडलं तर आबाच मला हाक मारायचे, "चिमे, कुणाचा बँड वाजतोय?"

आणि अगदी म्हातारपणी विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई गं. नुसता बसलो हुतो आईच्या शेजारी."

माळ आता माझ्याकडं आहे. मणी इतके झिजलेत की काळे कुठले, तुळशीचे कुठले, डोळ्यांना कळत नाही. अंगठ्याला कळतं.

आज दिवेलागणीला घेऊन बसले. नात म्हणाली, "आजी, काय मागितलंस गं?"

आबा, नमस्कार.

काही मागितलं नाही. नुसती बसले तुमच्या शेजारी.