गोल कुठूनही बसला पाहिजे

स्वस्तातले गाईड बुशचे संच घ्यावेत का, असं लाकूडकामाची हौस असलेली माणसं मला अधूनमधून विचारतात. घ्या, काम होतं, एवढंच सांगून मी विषय बदलतो. पूर्ण उत्तर द्यायचं तर मुलीबद्दल सांगावं लागतं, आणि ते फोनवर जमत नाही.

आमची मुलगी बोलत नाही. जन्मापासूनच. आता तिनं विशी ओलांडली आहे, अंगानं माझ्याहून थोराड आहे. ती लहान असताना शाळेतल्या बाईंनी एक लाकडी पाटी घ्यायला सांगितली होती. फळीत गोल, चौकोन, त्रिकोण आणि पान अशा खाचा, आणि त्यांत बसणारे तुकडे. इतर मुलं असल्या खेळण्याला महिनाभरात विटतात. हिनं ती पाटी धरून ठेवली. जेवायच्या आधी ती पाटी मांडीवर घ्यायची आणि पहिल्यांदा गोल बसवायची. चौकोन, त्रिकोण फिरवून बघावे लागतात. ते तिला कधी जमायचे, कधी नाही. गोल कसाही टाकला तरी बसतो. तो बसला की ती बारीक हुंकार द्यायची आणि आईपुढं तोंड उघडायची. गोल बसल्याशिवाय घास नाही, हा आमच्या घरचा नियम होता.

मोठी झाल्यावर एकदा मोरीत आंघोळ घालताना तिनं आईला ढकललं. रागानं नाही, पाणी गार लागलं म्हणून. बायको पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी वाळूजला कंपनीत होतो. शेजाऱ्यांचा फोन आला. त्यानंतर मी पैठण रस्त्याला अशा मुलांसाठीची एक निवासी संस्था पाहून आलो. जागा स्वच्छ होती, माणसं बरी होती. नातेवाइकांना मी सांगत होतो, तिच्या भल्यासाठी करतोय. खरं म्हणजे आम्ही थकलो होतो. मी जास्त थकलो होतो, आणि करत कमी होतो.

बायकोला विचारलं, तर ती प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून म्हणाली, "ठरवलंच आहे ना तुम्ही? मग मला कशाला विचारायलात?"

पाटी मुलीसोबत जायलाच हवी होती. पण मी तिची पाटी देणार नव्हतो. तशीच दुसरी करून देणार होतो.

"हीच द्या की," बायको म्हणाली. "नवी कशाला?"

"ही घरी राहू दे. सुटीला आली की लागंल."

हे अर्धंच खरं होतं. जुनी पाटी गेली असती तर फडताळात तिची जागा रिकामी दिसली असती, आणि ती मला बघायची नव्हती. शिवाय, आज लिहायचंच आहे तर लिहितो, मला मुलीला फसवायचं होतं. मांडीवर तीच पाटी आली की तिला वाटेल आपण घरीच आहोत, असा माझा हिशेब होता.

राउटर मशीन माझ्याकडे आधीपासून होतं. दोन हातांत धरायची मोटार, खाली गरगर फिरणारं पातं. जुन्या पाटीवरून प्लायचा फर्मा, म्हणजे साचा, काढता आला असता, पण फर्म्याच्या कडेनं पातं नेमकं चालवायला गाईड बुश लागतो. म्हणजे पात्याभोवती बसणारं पितळी कडं. कडं फर्म्याला घासत जातं आणि पातं त्याच्यापासून ठरावीक अंतरावर कापत जातं. कड्यावर आणखी एक रिंग चढवली की खाच कापायची, रिंग काढली की त्याच फर्म्यातून खाचेत बसणारा तुकडा निघतो. या युक्तीचं मला फार कौतुक होतं.

उस्मानपुऱ्यातल्या दुकानात दोन संच होते. एक जड, चांगल्या डब्यातला. दुसरा हलका, कड्यांवर यंत्राच्या रेघा तशाच राहिलेला. दुकानदारानं विचारलं, "रोज का काम है क्या, साहब?"

"नाय, एकच पाटी करायचीय."

"फिर येईच लेव. एक काम के वास्ते वो महंगा कायको?"

मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला. पैशाची अडचण नव्हती. पण तिला सोडायला जायचा दिवस ठरला होता, आणि एका दिवसासाठी करायच्या गोष्टीला आपण जेवढं मन लावतो, तेवढंच मी लावत होतो.

मागच्या गॅलरीत काम केलं. टेबल भिंतीला लागून होतं, त्यामुळे गोलाला फेरी मारताना अर्ध्यावर थांबून मला मशीनचं तोंड फिरवून धरावं लागलं. खाच कापताना तसंच, तुकडा कापताना तसंच. गोल कापला होता तसाच उचलून खाचेत ठेवला आणि दाबला. आवाज न करता आत गेला. मी बायकोला बोलावून दाखवला. तिनं चांगल्या हाताचं बोट कडेवरून फिरवलं आणि आत गेली.

निघायच्या आदल्या दिवशी जेवणाआधी मी जुनी पाटी माळ्यावर टाकली आणि नवी मुलीच्या मांडीवर ठेवली. तिनं गोल उचलला, टाकला. बसला नाही. तिनं तळव्यानं दाबला. वर काढला, तसाच पुन्हा टाकला, पुन्हा दाबला. मी तिच्या हातातून घेऊन थोडा फिरवला, तर खट्कन बसला. तिनं तो बाहेर काढला आणि माझ्याकडे धरला. मी पुन्हा बसवून दिला. तिनं पुन्हा काढला. मग ती उठून फडताळाकडे गेली. एकेक खण उघडून बघू लागली.

"द्या हो तिची पाटी," बायको म्हणाली.

"आता काढली तर उद्या काय करशील? सवय होईल."

"गोल आहे का तो? गोल कुठूनही बसला पाहिजे. तिला कळायलंय, तुम्हाला कळंना व्हय?"

मी माळ्यावर चढलो नाही. मुलगी रात्री जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सोडून आलो.

सुरुवातीला भेटायला येऊ नका, मुलं रुळत नाहीत, असं संस्थेनं सांगितलं होतं. फोनवर विचारलं की उत्तर यायचं, जेवते, पण वेळ लावते. बायको म्हणाली, जुनी पाटी तरी नेऊन द्या, दारातूनच द्या. मी म्हटलं, चांगली करूनच देतो. चूक मला शोधायची होती. इतकं सगळं हातून गेल्यावर निदान तेवढं तरी सापडायला हवं होतं.

सापडली. पितळी कडं पात्याच्या मधोमध नव्हतं, जरासं एका अंगाला सरकलेलं होतं. मशीन एकाच तोंडानं धरून फेरी पूर्ण केली असती तरी चाललं असतं. सगळा गोल तेवढाच बाजूला सरकला असता आणि गोलच राहिला असता. मी अर्ध्यावर हात बदलला होता, म्हणून दोन अर्धगोल एकमेकांना नीट भेटले नाहीत. डोळ्यांना दिसणार नाही अशी पायरी राहिली. खाचेलाही पायरी, तुकड्यालाही पायरी, आणि दोन्ही समोरासमोर आल्याशिवाय तुकडा आत जात नव्हता.

टेबल भिंतीपासून ओढलं आणि त्याच स्वस्त संचानं दुसरी पाटी केली. मशीनच्या एका मुठीला दोरा बांधला आणि ती मूठ शेवटपर्यंत दाराकडेच ठेवली. या वेळी गोल मी सगळीकडून फिरवून टाकला. कसाही बसत होता. संच तसा वाईट नव्हता.

भेटीची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही ती पाटी आणि धपाटे घेऊन गेलो. मुलगी ओसरीत बसली होती. केस नीट विंचरलेले. तिला सांभाळणाऱ्या मावशी कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणाची हाय तुमची पोरगी. पयले लई रडायची. आता बघा कशी शहाणी झालीय."

मी नवी पाटी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं गोल उचलला आणि खाचेवर धरला. टाकला नाही. खाचेच्या कडेला अलगद टेकवून फिरवू लागली, मान जरा वाकडी करून, काहीतरी ऐकल्यासारखी. गोल मध्येच आपोआप आत पडला. ती दचकली. बाहेर काढला, पुन्हा फिरवायला घेतला, पुन्हा पडला. ज्या जागी अडतं ती जागा ती शोधत होती, आणि या पाटीत मी ती ठेवली नव्हती.

तिनं पाटी मांडीवरून ढकलली. मावशींनी शेजारची उचलून दिली, माझी पहिली. कडा आता हातांनी काळसर झालेल्या. तिनं गोल टेकवला, फिरवला, पायरीला पायरी लागताच दाबला. खट्. तो जुना बारीक हुंकार तिनं दिला आणि तोंड उघडलं. बायकोनं घाईघाईनं धपाट्याचा तुकडा मोडून पुढं केला. पण मुलीचं तोंड मावशींकडे होतं. मावशी अवघडल्या. बायकोच्या हातातून तुकडा घेऊन त्यांनी तिला भरवला.

निघताना बायकोनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "येते गं माय." मुलगी गोल बाहेर काढत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. रडली नाही. फाटकापर्यंत मी मागं वळून बघत होतो.

परतीच्या रिक्षात बायको पुढ्यात ती चांगली पाटी धरून बसली होती. गारखेड्याचा चौक आला तेव्हा ती म्हणाली, "रडली असती तर घेऊन आले असते मी तिला. तुम्हाला न विचारता."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणले होते, सवय होईल."

रिक्षावाल्यानं विचारलं, आता कुठून घेऊ? मी हातानं सरळ दाखवलं.